‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणजे काय?

आषाढ-श्रावणात जव्हारच्या पेठेतून दाभोसा गावाकडे जाणाऱ्या मोटारींची संख्या एकाएकी वाढते. लेंडी नदी तेथे सुमारे तीनशे फुटांवरून खाली कोसळते, आणि तो देखावा पाहण्याकरिता मुंबई-नाशिकाकडील मंडळी मोठ्या हौसेने येतात. त्यांनी अवश्य यावे. पेठेतील दुकानदारास त्यामुळे चार पैसे मिळतात, ह्यात वावगे काही नाही. परंतु ह्याच महिन्यांत आणखी दोन गोष्टी घडत असतात, व त्या पाहुण्यांच्या नजरेस पडत नाहीत. एक ही की, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर मागल्या हंगामाची नागली व वरई ह्या सुमारास संपत आलेली असते. नवे पीक हाती येण्यास दसरा-दिवाळी उजाडावी लागते. आणि कणगीचा तळ दिसू लागला म्हणजे घरातील सर्वांत लहान मूल प्रथम अशक्त होते. दुसरी ही की, बहुधा ह्याच काळात मुंबईस राज्य विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन भरते, व त्यात ह्याच मुलांविषयी मंत्र्यांस प्रश्न विचारले जातात. धबधबा भरतो, कणगी रिती होते आणि सभागृह बसते, ही तिन्ही कामे एकाच पावसात चालतात. पहिल्या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नसेल; पण रित्या कणगीचा व भरलेल्या सभागृहाचा संबंध असावयास पाहिजे की नको, आणि तो आज कितपत आहे, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहो.

मंत्र्यास जाब विचारण्याची साधने आमच्या राज्यघटनेने व विधिमंडळाच्या नियमांनी पुष्कळ दिली आहेत. अविश्वासाचा ठराव आहे, स्थगन प्रस्ताव आहे, लक्षवेधी सूचना आहे, अर्थसंकल्पावरील कपात सूचना आहे. परंतु ह्यांपैकी बहुतेकांच्या मागे संख्याबळ लागते, पक्षाचा हुकूम लागतो किंवा प्रसंगाची निकड लागते. प्रश्न हे एकच हत्यार असे आहे की, ते एकट्या सभासदास, मग तो कोणत्याही बाकावर बसलेला असो, कागद व लेखणी एवढ्या सामग्रीवर चालविता येते. तारांकित प्रश्नास मंत्र्याने सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे असते, व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते, व त्यावर उपप्रश्न नाहीत. तोंडी प्रश्नाचा गाजावाजा होतो, वर्तमानपत्रांत त्याचे मथळे येतात; लेखी प्रश्न बिचारा छापील यादीत निमूटपणे पडून राहतो. तथापि आमच्या मते ह्या दोहोंत अधिक टिकाऊ काम लेखी प्रश्नच करू शकतो. तोंडी उत्तरात मंत्र्यास चातुर्य दाखविता येते, विनोद करता येतो, वेळ मारून नेता येते. लेखी उत्तरात आकडा द्यावा लागतो, तारीख द्यावी लागते, आणि तो कागद पुढे दहा वर्षांनीही कोणासही काढून दाखविता येतो. जाणूनबुजून खोटे उत्तर देऊन सभागृहाची दिशाभूल केली, तर तो हक्कभंग ठरतो. येणेप्रमाणे लेखी उत्तर म्हणजे सरकारने आपल्या सहीनिशी लिहून दिलेला कबुलीजबाबच होय.

आमच्या व्यापारी वाचकांस हे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. येणे असलेल्या कुळाकडे माणूस पाठविला तर तो गोड बोलून चहा पाजतो व परत पाठवितो; पण रक्कम, तारीख व माल ह्यांचा उल्लेख करून लेखी मागणी केली, म्हणजे त्यास एक तर देणे कबूल करावे लागते, नाही तर नाकारल्याची नोंद मागे ठेवावी लागते. मात्र मागणीपत्र लिहिणाऱ्याची स्वतःची वही चोख असली पाहिजे. ज्याच्या वहीत आकडाच नाही, त्यास समोरचा सांगेल ती बाकी मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते. विधिमंडळातील प्रश्नांचेही नेमके असेच आहे.

हा हक्क आम्हांस सुखासुखी मिळालेला नाही. विलायतेत मंत्र्यास उघड सभागृहात प्रश्न विचारल्याची पहिली नोंद १७२१ सालची आहे. साऊथ सी कंपनीचा दिवाळखोर व्यवहार उघडकीस आल्यावर तिचा खजिनदार पळून गेला होता, व तो पकडला गेला हे खरे काय, असे अर्ल कौपर ह्यांनी उमरावांच्या सभेत विचारले. म्हणजे पहिला प्रश्नही लोकांच्या बुडालेल्या पैशाविषयीचा होता. हिंदुस्थानात १८९२ च्या कौन्सिल कायद्याने सभासदांस प्रश्न विचारण्याची परवानगी दिली, तीही हातचे राखून. प्रश्नाची आगाऊ सूचना द्यावी लागे, अध्यक्षास तो नाकारता येई, आणि उत्तर कितीही पोकळ असले तरी उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ह्या सवलतीखाली १८९३ साली वरिष्ठ कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला तो अवधेतील भिंगा संस्थानच्या राजांनी. विषय कोणता? दौऱ्यावर निघालेल्या सरकारी अंमलदारांस शिधासामग्री पुरविण्यापायी खेड्यांतील दुकानदारांस जो त्रास सोसावा लागे, तो! एतद्देशीयांच्या तोंडून निघालेला पहिलाच प्रश्न खेड्यातील वाण्याच्या दुकानासंबंधाने असावा, ही गोष्ट आमच्या पेठेतील मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात फिरोजशहा मेथा, १८९५ पासून लोकमान्य टिळक व पुढे नामदार गोखले ह्यांनी ह्याच तोकड्या हत्याराने काम केले. १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्न विचारणाऱ्यास उपप्रश्नाचा हक्क मिळाला. १९१९ च्या सुधारणांनी तो इतर सभासदांसही मिळाला. एकेक उपप्रश्नाकरिता आमच्या पूर्वजांनी दहा दहा वर्षे घालविली आहेत.

आणि त्या काळी जव्हारचे काय? जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. इलाख्याच्या कौन्सिलांत संस्थानांच्या कारभाराविषयी प्रश्न विचारता येत नसे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या वेठबिगारीविषयी मुंबईच्या कौन्सिलात निदान आवाज उठविता येई. जव्हारच्या हद्दीतील पाड्याचे दुःख हद्दीतच राही. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि दाभोसाच्या रहिवाशाचा प्रश्न मुंबईच्या सभागृहात नेण्याचा मार्ग प्रथमच मोकळा झाला. पुढे ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. हक्क मिळून पाऊणशे वर्षे होऊन गेली. त्याचा उपयोग कसा झाला, हे आता पाहू.

महाराष्ट्र विधानसभेची प्रश्नोत्तरांची कोणतीही छापील यादी हाती घेतली, तर प्रश्नांची घडण एका साच्यातील दिसते. ‘अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ हा तो साचा. त्यास उत्तरांचा साचाही तितकाच ठरीव आहे. ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘बाब तपासण्यात येत आहे’, आणि सर्वांत शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. ह्या शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ पुष्कळ लोक चुकीचा करतात. मंत्री उद्धटपणे ‘तुमचा प्रश्नच गैर आहे’ असे म्हणत नसतो. पहिल्या कलमास ‘हे खरे नाही’ असे उत्तर दिले, म्हणजे ‘असल्यास’ ह्या शब्दाने सुरू होणारी पुढील सर्व कलमे आपोआप निर्जीव होतात, एवढाच त्याचा अर्थ. साखळीची पहिली कडी तुटली की बाकीची साखळी विहिरीत! म्हणून पहिले कलम कसे लिहावे ह्यावर सारे अवलंबून असते, आणि आमच्या सभासदांचे दुर्लक्ष नेमके त्याच ठिकाणी होते.

जव्हार-मोखाड्याइतके ह्याचे दुःखद उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके दगावली आणि सबंध महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, प्रकल्प आले, अंगणवाड्या वाढल्या. तरीही सप्टेंबर २०१६ मध्ये पालघर जिल्ह्यात सुमारे सहाशे बालकांच्या मृत्यूच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या व राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारास नोटीस पाठविली. ऑगस्ट २०२२ च्या अधिवेशनात पालघर जिल्ह्यातील कुपोषणाचा विषय पुन्हा सभागृहात निघाला. त्याच अधिवेशनात ह्याच जिल्ह्यातील हत्तीरोगाच्या प्रश्नावर आरोग्यमंत्र्यांचे उत्तर सभासदांस अपुरे वाटल्यावरून तो प्रश्न राखून ठेवावा लागला. म्हणजे प्रश्न विचारलेच जात नाहीत, अशी तक्रार कोणास करता येणार नाही.

परंतु ह्या सर्व वर्षांत कुपोषणाविषयीच्या सरकारी उत्तरांचा मथितार्थ पुन्हा पुन्हा एकच निघत आला आहे. मृत्यू झाले हे खरे. पण ते कुपोषणाने झाले हे खरे नाही. कमी वजनाचे जन्म, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे, न्यूमोनिया, श्वास कोंडणे, अतिसार, अपघात ही कारणे होत. ह्यावर विरोधी बाकांवरून ‘लाज वाटत नाही काय’ असा गलका होतो, सत्ताधारी बाकांवरून शब्दास हरकत निघते, तास संपतो आणि पुढचा विषय पुकारला जातो.

येथे आम्हांस प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सरकारचे हे उत्तर दाखल्याच्या दृष्टीने बहुधा खोटे नसते. भूक ही मृत्यूच्या दाखल्यावर क्वचितच लिहिली जाते. अर्धपोटी मूल न्यूमोनियानेच मरते. धडधाकट मुलास जो ताप चार दिवस अंथरुणावर पाडतो, तोच ताप अशक्त मुलास घेऊन जातो. म्हणून डॉक्टराने ‘न्यूमोनिया’ लिहिले तर तो लबाडी करतो असे नव्हे. लबाडी असलीच तर ती प्रश्नाच्या व उत्तराच्या मधल्या फटीत आहे. ‘कुपोषणामुळे इतकी बालके मरण पावली, हे खरे आहे काय?’ असे विचारणारा सभासद आपल्या हाताने मंत्र्यास दार उघडून देतो. मंत्र्यास केवळ ‘मुळे’ हा एक प्रत्यय नाकारावयाचा असतो. तो नाकारला की मेलेल्या मुलांविषयीची पुढील सर्व कलमे उद्भवत नाहीत!

मग विचारावे कसे? आमचे उत्तर असे की, कारण विचारू नये, नोंद विचारावी. मत विचारू नये, तारीख विचारावी. जव्हार व मोखाडा ह्या दोन तालुक्यांत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सहा वर्षांखालील किती बालके मरण पावली? त्यांपैकी किती बालकांचे वजन मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत अंगणवाडीत घेतले होते, व किती बालकांचे घेतलेच नव्हते? वजन घेतलेल्यांपैकी किती बालके त्या वेळी अतितीव्र कुपोषित म्हणजे सरकारी भाषेत ‘सॅम’ वर्गात, व किती मध्यम म्हणजे ‘मॅम’ वर्गात नोंदली होती? ‘सॅम’ नोंदलेल्या प्रत्येक बालकास ग्राम बाल विकास केंद्रात किती दिवस ठेवले? जव्हारच्या कुटीर रुग्णालयात व मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाचे व स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद त्या कालावधीत किती दिवस रिकामे होते? ह्या प्रश्नांत ‘कुपोषणामुळे’ हा शब्दच नाही. ह्यांतील एकाही कलमास ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही, कारण त्यात काही खरे आहे असा दावाच केलेला नाही. आकडा द्यावा लागतो, नाही तर आकडा नाही असे लिहून द्यावे लागते. आणि सरकारजवळ मेलेल्या मुलाचे शेवटचे वजन नाही, ही कबुली शंभर आरोळ्यांपेक्षा अधिक बोलकी आहे.

तारखेचे महत्त्व दाखविणारे दुसरे उदाहरण खावटीचे घ्या. पावसाळ्याच्या ओढगस्तीच्या महिन्यांत आदिवासी कुटुंबाने सावकाराच्या दारी जाऊ नये, म्हणून खावटी कर्जाची योजना १९७८ पासून आहे. ती पुढे बंद पडली व २०२० साली अनुदान म्हणून पुन्हा मंजूर झाली. दर कुटुंबास चार हजार रुपये. निम्मे रोख व निम्मे धान्य-किराण्याच्या रूपाने. आता ‘योजना मंजूर केली काय?’ असे विचारा, उत्तर ‘होय’ असे येईल, व ते खरेही असेल. पण २०२० च्या टाळेबंदीतील संकटाकरिता मंजूर झालेल्या किराण्याचे वाटप २०२१ साल उजाडल्यावर चालले होते, हे त्या ‘होय’वरून कधीही कळणार नाही. ते कळावयाचे असेल तर, ‘कोणत्या तालुक्यात किती कुटुंबांच्या हाती कोणत्या तारखेस माल पडला?’ असे विचारले पाहिजे. आषाढातील धान्य फाल्गुनात पोचले, तर कागदोपत्री वाटप पूर्ण होते. पण आषाढातली भूक आषाढातच भोगून झालेली असते.

तिसरी गोष्ट महिन्याची. दिवाळी झाली की ह्या दोन तालुक्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. मुले बरोबरच जातात. त्या सहा महिन्यांत ती गावच्या अंगणवाडीच्या तराजूवर चढत नाहीत, आणि जेथे गेली तेथील वहीतही बहुधा त्यांची नोंद होत नाही. मार्च महिन्यातील आकडा मागितला, तर तो गावात उरलेल्या मुलांचा येईल. तो कमी दिसेल व मंत्री समाधानाने सांगतील की, कुपोषण घटले. घटली ती मुलांची हजेरी! म्हणून विचारणाऱ्याने ‘किती बालके कुपोषित आढळली’ एवढेच न विचारता, ‘किती बालकांचे वजन घेतले व पटावर किती होती’ हेही त्याच दमात विचारले पाहिजे. जव्हारच्या बाजारात बसणाऱ्या कोणाही दुकानदारास हे स्थलांतर ठाऊक आहे. दिवाळीनंतर त्याची उधारी थकते ती ह्याच कारणाने. पण मुंबईच्या सभासदास ते ठाऊक नसते, आणि त्यास सांगावयास कोणी जात नाही.

आता उत्तर तयार कसे होते ते पाहू, म्हणजे आमच्या म्हणण्याचा रोख ध्यानात येईल. विधिमंडळात प्रश्न स्वीकारला गेला की तो मंत्रालयातील विभागाकडे येतो. तेथून आयुक्तालय, जिल्हा परिषद, प्रकल्प कार्यालय, तालुका, पर्यवेक्षिका अशा पायऱ्या उतरत शेवटी अंगणवाडी सेविकेच्या वहीपाशी पोचतो. मग आकडा त्याच पायऱ्या चढत वर जातो, आणि प्रत्येक पायरीवर आपल्या माथी काही येणार नाही अशा बेताने तो थोडा घासला जातो. म्हणजे ज्याच्या कामाविषयी प्रश्न, त्याच्याच लेखणीने उत्तर! ह्यात कोण्या एका कारकुनास दोष देणे व्यर्थ आहे. सबंध व्यवस्थाच अशी आहे. मुनिमाने लिहिलेली वही मुनिमाकडूनच तपासून घेतली, तर ताळा जुळणारच. ताळा पाहावयाचा असेल तर दुसरी वही पाहिजे, आणि ती गावात पाहिजे.

एकट्या प्रश्नाने डोंगर हलत नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्या मागे दुसरी वही उभी असते, तो प्रश्न काय करू शकतो ह्याचा दाखला आमच्या मुंबईनेच पाहिला आहे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा ह्या सटोडियाच्या कंपन्यांचे सव्वा कोट रुपयांच्या आसपास किमतीचे भाग खरेदी केले. त्याविषयी त्या वर्षीच्या सप्टेंबरात लोकसभेत एक प्रश्न आला व त्यास मोघम उत्तर मिळाले. तेथेच ते प्रकरण मिटले असते. परंतु फिरोज गांधी ह्यांनी बाजारभावांचे व तारखांचे टिपण हाती घेऊन डिसेंबरात ते पुन्हा सभागृहासमोर मांडले. उत्तरांतील तारखा व बाजारातील तारखा जुळेनात. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला ह्यांची चौकशी मुंबईतच, लोकांच्या देखत झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी ह्यांस राजीनामा द्यावा लागला. पहिल्या प्रश्नाने मंत्री पडला नाही. पहिल्या उत्तराचा ताळा पाहिल्याने पडला.

हे हत्यार जसे धारदार तसे विकाऊही होऊ शकते, हे मात्र लपवून चालणार नाही. १९५१ साली हंगामी संसदेतील मुंबईचे सभासद मुद्गल ह्यांनी मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघाकडून लाभ घेऊन त्यांचे काम संसदेत प्रश्न विचारण्याच्या मार्गाने केले, असे संसदेच्या समितीने ठरविले, व त्यांना सभासदत्व गमवावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांस संसदेने काढून टाकले. त्यांत महाराष्ट्रातीलही होते. आमच्या व्यापारी बांधवांनी ह्यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. आपल्या व्यवसायाची अडचण सभासदापुढे उघडपणे मांडणे हा हक्क आहे. पाकीट घेऊन जाणे हा गुन्हा आहे. आणि ज्या दिवशी प्रश्नास किंमत पडते, त्या दिवशी ज्याच्यापाशी किंमत द्यावयास नाही त्याचा प्रश्न यादीतून गळतो. दाभोसाच्या पाड्यावरील बाई पाकीट कोठून आणणार?

काहीजण म्हणतील की, प्रश्नांच्या ओझ्याखाली कारकून दबून जातात, अधिकाऱ्यांचा वेळ जातो, सभासद केवळ आपले नाव छापून यावे म्हणून ढिगाने प्रश्न टाकतात. ह्यात तथ्य नाही असे नाही. लोकसभेने ह्यावर मर्यादाच घातली आहे. एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित व दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात, आणि वीसांपैकीही तोंडी उत्तराची पाळी थोड्यांचीच येते. पण ढिगाला उपाय निवडीचा. खिडकी बंद करण्याचा नव्हे. २०२० साली साथीच्या काळात लोकसभेने पावसाळी अधिवेशनातील प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला. तेव्हा लेखी उत्तरेच काय ती उरली. त्याच सप्टेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाचे अधिवेशन दोन दिवसांत आटोपले. साथीचे कारण खोटे नव्हते. तथापि ज्या वर्षी रोजगार गेला, अंगणवाड्या बंद राहिल्या, खावटी कागदावर राहिली, त्याच वर्षी विचारणाऱ्याचा तास सर्वांत आधी कापला गेला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

आणखी एक अडचण आमच्या भागाच्या वाट्यास विशेष येते. जव्हार-मोखाडा ज्या विक्रमगड मतदारसंघात मोडतात, तेथून २०१४ साली निवडून आलेले विष्णू सवरा हे आदिवासी विकास मंत्री झाले. आपला माणूस मंत्री झाला म्हणून लोकांस आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु मंत्री हा उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर बसतो; तो प्रश्न विचारीत नाही. म्हणजे ज्या मुलुखाचा प्रतिनिधी मंत्री होतो, त्या मुलुखाचा विचारणाराच नाहीसा होतो. हा कोणा व्यक्तीचा दोष नव्हे, रचनेचा परिणाम आहे. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातील सभासदाकडे, विधान परिषदेच्या सभासदाकडे, विरोधी बाकावरील कोणाही सद्‌गृहस्थाकडे आपला प्रश्न नेण्यास लोकांस संकोच वाटता कामा नये. प्रश्न कोणी विचारला ह्यापेक्षा तो विचारला गेला व त्याचे उत्तर परत आले, हे महत्त्वाचे.

‘परत आले’ हे दोन शब्द आम्ही हेतुपुरस्सर लिहिले आहेत. मंत्र्याने सभागृहात ‘करू, देऊ, पाहू’ असे वचन दिले तर ते पाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. परंतु समितीस तरी कोणी सांगावयाचे की, अमुक गावचा रस्ता झाला असे लिहिले आहे आणि तेथे बाळंतिणीस अजून डोलीत घालून न्यावे लागते? मोखाडा तालुक्यात कोचाळ्यापाशी मध्य वैतरणेचे धरण बांधून मुंबईस पाणी नेले आहे, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकर किती मंजूर झाले ह्याचे उत्तर मंत्रालयात मिळेल. टँकर किती आले ह्याचे उत्तर हंड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईपाशीच मिळेल. ही दोन उत्तरे एकत्र आणल्यावाचून प्रश्नाचे काम पुरे होत नाही.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील शिक्षक, वकील, दुकानदार व शिकलेल्या तरुणांनी प्रत्येक मोठ्या गावात एक वही घालावी. तीत चारच सदरे असावीत. अंगणवाडीत वजन कोणत्या तारखेस झाले. रेशन कोणत्या तारखेस आले. दवाखान्यात डॉक्टर कोणत्या दिवशी नव्हता. टँकर कोणत्या दिवशी आला नाही. मत लिहू नये, शिव्या लिहू नयेत, तारीख लिहावी. मुलांची नावे बाहेर नेऊ नयेत; संख्या पुरे. अधिवेशनापूर्वी ही वही सभासदाच्या हाती द्यावी, व अधिवेशनानंतर छापील उत्तर मागून घेऊन ते ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस विशेष अधिकार दिलेले आहेत. मंत्र्याचे उत्तर ऐकून ते खरे की खोटे ह्याचा ठराव करण्यास तिला कोणाची परवानगी नको. ‘दाभोसा गावात अमुक सोय करण्यात आली आहे’ असे उत्तर दाभोसाच्याच ग्रामसभेत वाचले गेले, म्हणजे ते खरे किंवा खोटे ठरण्यास पाच मिनिटे पुरतील. खोटे ठरल्यास पुढच्या अधिवेशनातील पहिले कलम आयते तयार होईल.

पेठेतील काही गृहस्थ म्हणतील, ह्यात आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दानधर्माचा नव्हे. ज्या पाड्यावरील माणूस दिवाळीनंतर भट्टीवर जातो, त्याच्यावरच ह्या पेठेचा गल्ला चालतो. त्याचे मूल जगले, तो गावात राहिला, त्याच्या हाती वेळेवर पैसा आला, तर बाजार भरतो. १८९३ साली खेड्यातील दुकानदाराची तक्रार घेऊन एक राजा कौन्सिलात उभा राहिला होता. आज पाड्यावरील मुलाची तक्रार घेऊन दुकानदाराने चार ओळी लिहिणे, एवढी परतफेड फार जड नाही.

सरकार लोकांस भिते ते आरोळीला नव्हे, नोंदीला. आरोळी अधिवेशनाबरोबर विरते; नोंद राहते. येत्या पावसातही लेंडी नदी दाभोसाच्या कड्यावरून कोसळेल, मोटारी येतील, सभागृह भरेल, आणि कोणी तरी उठून ह्या मुलांविषयी विचारील. त्या वेळी मंत्र्यांनी ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहून दिले तर त्यांना दोष देण्यापूर्वी आम्ही आपल्यास एवढेच विचारावे की, प्रश्न जेथे उद्भवतो त्या पाड्यावर तारीख लिहून ठेवणारे कोणी होते काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?